अण्णांच्या माळ्याची कडी

अण्णा माती चाखून घेत. बाप होडी घाटाला लावायचा, मी गोणी खांद्यावरून उतरवायचो आणि अण्णा गोणीच्या शिवणीत बोट खुपसून चिमूटभर शाडू काढून जिभेवर ठेवायचे. डोळे मिटायचे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस बासुंदीच चाखतो आहे. मग बाजूला थुंकायचे आणि बापाला म्हणायचे, "धाकू, ही गोणी समुद्राच्या पाया पडून आली आहे. ही परत ने."

माती मुंबईकडून गलबतातून जयगडला यायची. तिथून भरतीबरोबर खाडीने वर संगमेश्वरच्या बाजारपेठेपर्यंत आणायची ती आमच्या होडीने. वाटेत लाट आत आली की गोणी खारावते, आणि खारट मातीच्या मूर्तीला सुकल्यावर पोपडे येतात, रंग धरत नाही. हे सगळं खरं. पण बापाला ती गोणी परत न्यायला जिवावर यायचं. तो म्हणायचा, "अण्णा, तुमच्या जिभंला एवढं मीठ कळतंय, मग तुमच्या घरची आमटी अळणी का असते?" अण्णा हसत हसत गोणीवर बसत आणि बापाला तपकीर देत. गोणी मात्र परत जायची.

अण्णांची गणपतीची शाळा आमच्या घराला लागून होती. आमच्याकडे जिथे गणपती करतात त्याला शाळाच म्हणतात. लोक आषाढातच आपापल्या घरचा पाट तिथे नेऊन ठेवतात, आणि चितारी त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडवतो. पाट घरचा, माती चिताऱ्याची. खऱ्या शाळेत मी दुसरी यत्ता कशीबशी काढली. मास्तरांच्या आणि माझ्या हट्टाची गाठ पडली आणि मी उठून होडीत बसलो तो बसलोच. पण अण्णांच्या शाळेत मी लहानपणापासून पायाने माती मळली आहे. अंगात काही नाही, कमरेला पंचा, कोपरापर्यंत सुकलेला पांढरा चिखल, असे अण्णा मला आजही डोळ्यांपुढे दिसतात. ते अर्ध्या मूर्तीशी बोलत. "जरा पोट आत घ्या महाराज, मोदक अजून लांब आहेत." मला सांगत, "सख्या, पोटाला घाई करायची नाही. घाईचं पोट आणि घाईचं लग्न, दोन्हीला पुढे भेगा जातात."

एकदा माझ्या धक्क्याने एका मूर्तीचा हात गळून पडला. देवाचा हात मोडला, आता घरादाराचं काय होणार, म्हणून मला रडू फुटलं. अण्णांनी तो हात उचलला, मळून त्याचा गोळा केला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "प्राण घालेपर्यंत ही माती आहे रे. मातीसाठी माणसाने डोळ्यांतून पाणी काढू नये." असं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. बापापेक्षा मला ते जवळचे वाटत, आणि बापालाही त्याचं काही वाटत नसे. उलट तो म्हणायचा, "हा अण्णांच्या हातचाच हाय, माझ्या पाटावर ठेवलाय एवढंच."

आता आळीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. संगमेश्वरला दोन नद्या मिळतात, आणि खाडीच्या भरतीचं पाणी तिथवर चढतं. वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळला आणि त्याच वेळी उधाणाची भरती असली, की पाण्याला जायला वाट राहत नाही. ते बाजारपेठेत शिरतं. दरवर्षी शिरायचं. म्हणून आमच्या आळीत घराला घर लागून, आणि प्रत्येक दोन घरांच्या मधल्या भिंतीत माळ्यावर एक बुटकी खिडकी. माणूस वाकून जाईल एवढी. मृग लागला की दसऱ्यापर्यंत त्या खिडक्यांना कोणी कडी घालायची नाही, हा आळीचा नेम. पाणी आलं की माणसं माळ्यावर चढत आणि या माळ्यावरून त्या माळ्यावर करत शेवटच्या घरात जात. ते शेवटचं घर अण्णांचं. उंच जोत्यावर, जांभ्या चिऱ्याचं, आणि त्याच्या पाठीला डोंगर. मागच्या बाजूने फळी टाकली की सरळ डोंगरावर पाय. आमचं घर त्यांच्या अलीकडचं, मातीच्या भिंतीचं.

पूर आला की अण्णा त्या खिडकीशी बसून एकेकाला हात देऊन आत ओढत. त्यांच्याकडे मोठ्या टोपात भात आणि कुळथाची पिठी शिजायची. वाणी, शिंपी, कासार, आम्ही होडीवाले, सगळे एका माळ्यावर. कोणी कुरकुरलं तर अण्णा म्हणत, "पाणी आलं की आळी म्हणजे एकच माळा. तुझं माझं पाणी उतरल्यावर करा." आम्हा पोरांना तर पूर म्हणजे सणच वाटायचा.

ज्या वर्षाचं सांगतो ते मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढचं-मागचं. मी तेव्हा मिसरूड फुटलेला बाप्या होतो. त्या वर्षी देवरुखाकडचा एक चितारी वारला आणि त्याच्या गावांचे सगळे पाट अण्णांकडे आले. अण्णांना नाही म्हणता येत नसे, किंवा म्हणायचं नव्हतं. खालची शाळा भरली, पडवी भरली, माळा भरला. नागपंचमीला आई त्यांच्याकडे लाह्या द्यायला गेली आणि माळा बघून आली. ती त्यांना म्हणाली, "अण्णा, पाणी आलं तर आमी पाय कुठं ठेवायचा?" अण्णा म्हणाले, "गणपती उंदरावर मावतो वैनी. तुम्हांलाही जागा करून देईल." आई हसत घरी आली. आम्हीही हसलो.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाणी चढलं. आईने दर्याला द्यायचा नारळ सोलून कोनाड्यात ठेवला होता. सकाळी पाणी घोट्याला होतं, ते बघता बघता कमरेला आलं. रंग तांबडा नाही, काळपट. बाप पाण्याकडे बघून म्हणाला, हे नेहमीचं नव्हं. खालच्या आळीची घरं बुटकी, तिथे माळेच नाहीत. बापाने माझ्या चुलत्याला, तुका काकाला, होडी घेऊन तिकडे धाडलं. बायका आणि पोरं होडीत भरून काका आमच्या दारावरून गेला. अण्णा त्यांच्या जोत्यावर उभे होते. त्यांनी स्वतः ओरडून सांगितलं, "तुकाराम, सांभाळून रे. पोरांना मध्ये बसव." होडी पलीकडच्या टेकाडाला लागली, पण परत येताना पाण्याच्या ओढीने ती काकासकट खाली नेली. वल्हं मोडलं. काका पुढे जिवानिशी वाचला एवढंच. होडी आता येत नाही, हे आम्ही बघितलं आणि अण्णांनीही बघितलं.

आळीतले बाकीचे लोक रस्ता होता तोवर डोंगराकडे निघून गेले होते. अण्णांनी आपली बायकामुलंही वरच्या देवळात पाठवली होती. मागे राहिलो आम्ही तिघं, कारण बाप शेवटपर्यंत दुसऱ्यांना होडीत चढवत होता. आम्हांला घाई नव्हती. आमच्या माळ्यावर अण्णांची खिडकी होती.

दुपारी पाणी छाताडाला लागलं तसे आम्ही माळ्यावर चढलो. बापाने खिडकीवर बोटाने टकटक केली आणि थट्टेने म्हणाला, "अण्णा, पावणे आले." खिडकी ढकलली, उघडेना. पलीकडून कडी होती. बापाला वाटलं, फळी फुगली असेल. त्याने खांदा लावला. फणसाच्या लाकडाची खिडकी, ती कुठली हलते. मग त्याने हाका मारल्या, आईने मारल्या, मी मारल्या. आतून लाकडावर लाकूड सरकल्याचा आवाज येत होता. पाट सरकवल्याचा. बाप आमच्याकडे वळला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

"आत हायत," तो म्हणाला. "जागा करतायत. थांबा जरा."

आणि आम्ही थांबलो. माझ्या बापाचा घात पाण्याने केला असं लोक म्हणतात. मी म्हणतो, त्या थांबण्याने केला. पाणी माळ्याच्या फळ्यांतून वर बुडबुडत होतं आणि बाप खिडकीला कान लावून उभा होता. पाट सरकायचे थांबले. कडी निघाली नाही. मग बापाने पुन्हा कान लावला नाही, हाकही मारली नाही. कोयता घेतला आणि डोक्यावरची कौलं फोडायला लागला. भोक पडल्यावर आईला वर चढवलं, मग मला खालून रेटा दिला. मी वाशाला धरून वळलो आणि त्याला हात द्यायला वाकलो, तेवढ्यात भिंत बसली. मातीची भिंत आवाज करत नाही, ती नुसती बसते. माळा तिरका झाला आणि बाप त्याच्यासकट गेला. माझा हात तसाच खाली लोंबत राहिला.

आमचं छप्पर खचत होतं. मी आईला ओढत अण्णांच्या छपरावर नेलं. ती परत वळत होती, नखांनी मला ओरबाडत होती. आमच्या पायांखाली कौलं फुटत होती. तेव्हा खालून अण्णांचा आवाज आला. स्वच्छ आला, पावसातूनही.

"कोण आहे रे वर? कौलं सांभाळा. खाली देव आहेत."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आईनेही ऐकलं, पुढे ती कबूल करो वा न करो.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. बाप खाली खाडीकाठच्या चिपीच्या झाडीत सापडला. बाजारपेठेची काय दशा झाली ती ज्याने बघितली त्यालाच ठाऊक. वाण्याचा गूळ वाहून गेला आणि ढेपांच्या रिकाम्या कापडावर मुंग्यांऐवजी गांडुळं. तांदूळ पोत्यात फुगून पोती फाटली. कापडवाल्याने लुगडी देवळाच्या भिंतीवर वाळत घातली, ती श्रावणाच्या पावसात वाळायची कुठून, तिथेच कुजली. विहिरी गढूळ झाल्या. आढ्याला साप गुंडाळलेले असत, आणि बायका त्यांना हात जोडून खाली चूल पेटवत. आठ-पंधरा दिवस अन्नाला चिखलाचा वास येत होता. एवढ्या नासाडीत एकच गोष्ट कोरडी राहिली, ती म्हणजे अण्णांचे गणपती; खालचेही त्यांनी वेळेवर माळ्यावर नेऊन रचले होते. माळ्यावरच्या एकाही मूर्तीचं बोटसुद्धा दुखावलं नव्हतं.

अण्णा तिसऱ्या दिवशी आले. आम्ही तेव्हा देवळाच्या ओवरीत राहत होतो. खाली बघून म्हणाले, "पाय ठेवायला जागा नव्हती रे सख्या. मला वाटलं, होडी येईल. तुम्ही होडीवाले. तुम्हांला पाणी काय करणार?"

मी म्हटलं, "होडी वाहून गेली तेव्हा तुम्ही जोत्यावर उभे होतात."

चुकलो असं एक अक्षर म्हणाले असते तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. पण ते नुसते उभे राहिले, आणि मग गेले.

खरं दुःख पुढेच आहे. मला वाटलं होतं, आळी बोलेल. नेम मोडला होता, माणूस गेला होता. पण लोकांना आपापला पाट दिसत होता. बापाचं दिवसकार्य चालू असतानाच मोठा वाणी मला बाजूला घेऊन म्हणाला, झालं ते झालं, धाकूचं आयुष्य तेवढंच होतं, पण अण्णांनी तालुक्याचे देव राखले बघ. ते मूर्ती राखत बसले नसते तर यंदा घराघरांत काय बसवलं असतं? एवढी नासाडी, वर देव फुटले असते तर लोकांचा धीर सुटला असता. खालच्या आळीतली माणसंही तेच बोलली. ज्यांची पोरं बापाने कमरेला धरून होडीत बसवली होती ती माणसं. एक बाई तर म्हणाली, अण्णांनी वाचवलेला गणपती म्हणजे मोठ्या पुण्याचा.

चौथीच्या आधी मी अण्णांच्या शाळेत गेलो. लोक मूर्ती बघायला जमले होते. आमचा पाट माळ्यावर, त्या खिडकीपासून दुसऱ्या रांगेत होता. म्हणजे बाप ज्या फळीवर कान लावून उभा होता, तिच्या पलीकडे आमच्याच घरचा गणपती बसला होता. सगळा रंगला होता, फक्त डोळे आखायचे राहिले होते. अण्णांनी तो स्वतः खाली आणला आणि म्हणाले, "वर्षाचा दुखवटा आहे तुम्हांला, पण मी ठेवतो तयार. दुसऱ्या कोणाकडून पूजा करून घ्या."

मी म्हटलं, "पाट माझा आहे, अण्णा. माती तुमची. तुमची माती काढून घ्या आणि माझा पाट द्या."

लोक मधे पडले. कोणी म्हणालं, सख्या, वेडा आहेस काय, तयार मूर्ती मोडायची? कोणी म्हणालं, पाट दुसरा देतो. मी तिथून हललो नाही. हट्टी म्हणून माझी ख्याती आहे, ती उगाच नाही. शेवटी अण्णांनीच लोकांना हाताने गप्प केलं. घागर घेतली, मूर्तीवर पाणी ओतलं, आणि बसले. आधी सोंड, मग हात, मग पोट. पोटाला त्यांना वेळ लागला. घाई नव्हती त्यांना तेव्हाही. रंग आणि चिखल एक होऊन त्यांच्या मांडीवरून ओघळत होता. पाट धुऊन, पंचाने पुसून त्यांनी माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि कोणाकडेही न बघता बाहेर पडलो. त्या वर्षी चौथीला टाळ-झांजा वाजवत लोक आमच्या पडक्या घरावरून आपापले गणपती घेऊन गेले. एकानेही झांज थांबवली नाही.

तेव्हापासून आमच्या घरी अण्णांच्या हातचा गणपती आला नाही. मी त्यांची मातीही आणली नाही. ते दुसऱ्या होडीने मागवत आणि घाटावर चाखून बघत, मी माझ्या होडीतून बघत असे. घर नव्याने चिऱ्याचं बांधलं. त्यात माळ्याची खिडकी ठेवायला मी तयार नव्हतो, आईने हट्ट धरला. मी म्हटलं ठेव, पण कडी माझ्या बाजूने. भिंतीला भिंत लावून आम्ही राहिलो, आणि एकमेकांशी शब्द बोललो नाही. अण्णा दुसऱ्या महायुद्धाच्या आधी वारले. हात कापायला लागले होते, डोळे आखता येत नव्हते, शेवटची दोन-तीन वर्षं मुलगाच आखायचा. अंत्ययात्रेला सगळी बाजारपेठ लोटली. मी घाटावर होडीला डांबर लावत होतो. आजही आळीतली पोरं त्यांची गोष्ट सांगतात, पुरात देव वाचवणारा माणूस म्हणून. सांगू देत. मी त्यांच्या हातची माती मळली आहे, त्यांच्याइतका प्रेमळ माणूस आळीत दुसरा नव्हता, हे मीही सांगेन. आणि कडी त्यांनीच घातली होती, हेही मीच सांगेन, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

एक राहिलं. अण्णा जायच्या आधी आळीत पुन्हा एकदा मोठं पाणी आलं. तेव्हाही श्रावणच होता आणि माळा मूर्तींनी भरलेला होता. मी आईला घेऊन माळ्यावर चढलो आणि कौलं काढायला लागलो. आईने माझा हात धरला. "कौलं कशाला? खिडकी हाय नं." मी म्हटलं, त्या खिडकीतून मी जाणार नाही. ती म्हणाली, "तुझा बाप गेला तो गेला. आता मला त्याच्या मागनं धाडतोस काय?" आणि माझ्यादेखत तिने आमच्या बाजूची कडी काढली. पलीकडची खिडकी सताड उघडी होती. अण्णा तिथेच गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी आईला हात देऊन आत घेतलं. मग आळीतली माणसं माझ्या माळ्यावरून, माझ्यासमोरून त्या खिडकीत शिरली. आत मूर्ती फुटत होत्या. चुरचुर आवाज येत होता, आणि अण्णा म्हणत होते, "पाय द्या. खुशाल पाय द्या. पुढे सरका."

मी कौलांवर चढून आढ्यावर बसलो. पाऊस डोळे उघडू देत नव्हता. सगळे पार झाल्यावर खालून अण्णांची हाक आली.

"सख्या, ये रे. दार उघडं आहे."

मी तसाच बसून राहिलो. पाणी माळ्याला लागलं, थांबलं. ते हाका मारत राहिले. आधी मोठ्याने, मग घसा बसलेल्या आवाजात, मग नुसतं माझं नाव. भिंत चिऱ्याची होती, ती बसली नाही. एक हाक कानावर पडते, ती कोणाची हे ओळखू येतं, आणि तरी गप्प राहता येतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. पाणी उतरेपर्यंत मी ओ दिली नाही.